शूटिंगची ट्रंक: जुन्या मालिकेचे फोटो, टेप, कागद कसे जपायचे आणि लोकांपुढे कसे आणायचे

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावात दूरदर्शनच्या एका मालिकेचं शूटिंग झालं होतं, काकाच्या घरात, महिनाभर, मी तेव्हा तिसरीत होतो. मालिकेचं नाव इथे मुद्दाम घेत नाही कारण सगळ्यांच्या परवानग्या अजून आल्या नाहीत, त्याचं काय ते खाली येईलच. युनिट गेलं, काका गेला, आणि चार वर्षांपूर्वी माळा साफ करताना एक ट्रंक निघाली. आत २१२ फोटो, निगेटिव्हच्या पट्ट्या, एक व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट, दोन ऑडिओ कॅसेट, संवादांचे सायक्लोस्टाईल कागद, कॉलशीट (कुणी कधी सेटवर यायचं त्याचा रोजचा कागद), आणि काकीची हिशोबाची वही. वहीत रोजचं लिहिलंय, १४ माणसं मासे, ६ माणसं बिनमाशाची, हिरोईनला उकडा तांदूळ चालत नाही, सुरय लागतो. आता असं काही कुठल्या मुलाखतीत मिळणार आहे का?

तेव्हापासून मी हेच करतोय आणि भरपूर चुका केल्यात. कोकणात अशा ट्रंका कमी नाहीत, अलीकडच्या काळात आकेरीला 'रात्रीस खेळ चाले'चं शूटिंग झालं तर लोक गाड्या करून वाडा बघायला आले, पण त्याच्याही आधीपासून कुणाच्या पडवीत, कुणाच्या जेटीवर, कुणाच्या खळ्यात कॅमेरे लागून गेलेत आणि त्याचं काहीबाही घरोघरी पडून आहे. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी हे का करायचं ते दोन मिनिटांत. उंबरगावला शूट झालेलं 'रामायण' २८ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागलं आणि अख्खं घर परत टीव्हीसमोर बसलं, कारण भाग शिल्लक होते. सगळ्या मालिकांचं नशीब असं नसतं. टेप महाग होती, पुसून परत वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले ९० हून जास्त भाग आजही सापडत नाहीत, पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो भरून ठेवला होता. म्हणजे स्टुडिओने जे टाकलं ते घरातल्या माणसांकडे राहिलं. आणि पडद्यामागचं सामान तर स्टुडिओ बहुधा ठेवत नाही, ते असलंच तर काकीच्या ट्रंकेत.

स्कॅनरच्या आधी माणसं

सगळे इथेच चुकतात, मीपण चुकलो. ट्रंक मिळाली की पहिला विचार येतो स्कॅनर कुठला घ्यायचा. अरे थांबा. फोटो अजून दहा वर्षं टिकेल, फोटोतली माणसं ओळखणारी आजी टिकेल का? मी पहिले चार महिने स्कॅनिंगमध्ये घालवले, आणि त्याच चार महिन्यांत शेजारचे आबा गेले, जे सेटवर जनरेटर सांभाळायचे आणि ज्यांना युनिटमधल्या प्रत्येकाचं टोपणनाव माहीत होतं. माझ्याकडे आता झकास स्कॅन केलेले, सहाशे डीपीआयचे (इंचाला सहाशे ठिपके), अनोळखी माणसांचे तीसेक फोटो आहेत.

म्हणून पहिलं काम हे की फोटोंचे मोबाईलवर साधे फोटो काढा, कसेही आले तरी चालतील, प्रत्येकाला नंबर द्या, आणि गावातल्या फोटोवाल्याकडून साध्या कागदावर प्रिंट मारून आणा, पानावर चार. ती पानं घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. अस्सल फोटो नेऊ नका, चहा सांडतो, नातवंडं हात लावतात आणि कुणीतरी म्हणतं हा मला राहू दे. प्रिंटवर पेनाने बिनधास्त लिहिता येतं, डोक्यावर बाण काढून नाव टाकता येतं.

आणि वेळ कुठली निवडायची, तर गणपती. चाकरमानी आलेले असतात, आरतीनंतर दहा माणसं एकाच पडवीत बसलेली असतात, एकाला आठवलं नाही तर दुसरा सांगतो, तिसरा भांडतो. मी दीड दिवसात ६० फोटोंवर नावं मिळवली.

बोलताना मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून, आणि ती परवानगीसुद्धा रेकॉर्डिंगमध्येच घ्या: "आत्या, हे रेकॉर्ड करतोय, लोकांना ऐकवलं तर चालेल ना?" पंखा बंद करा, पंख्याचा आवाज नंतर नीट काढता येत नाही. "आठवणी सांगा" असं कधी म्हणू नका, माणूस भाषणावर जातो, मग आमच्या काळात असं होतं वगैरे सुरू होतं. एक फोटो पुढे ठेवा आणि विचारा, हा डावीकडचा काय धरून उभा आहे? आमच्या ५७ नंबरच्या फोटोत एक पोरगा माडाच्या बुंध्याशी उकिडवा बसून टोपली जमिनीवर दाबून धरतोय, मागे रिफ्लेक्टर आहे, बाजूला बूम, म्हणजे लांब काठीचा माईक, धरलेला माणूस वैतागलेला. आत्याने एका दमात सांगितलं, टोपलीखाली कोंबडा आहे, टेक चालू झाला की तो आरवायचा, म्हणून त्या पोराला रोज पाच रुपये देऊन कोंबड्यावर बसवला होता. फोटोत कोंबडा दिसतच नाही, हे तिने सांगितलं नसतं तर आम्ही कॅप्शन काय दिलं असतं, 'टोपलीसह मुलगा'?

नोंद वही, म्हणजे एक्सेल

एक साधी शीट करा. रकाने असे: नंबर, काय आहे, कोण दिसतंय डावीकडून, कुठे, कधी, कोणी काढला, अस्सल कुणाकडे आहे, हे कोणी सांगितलं, परवानगी. यातला 'हे कोणी सांगितलं' हा रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि नंतर पस्तावतात, कारण दोन माणसं दोन गोष्टी सांगणार म्हणजे सांगणारच. तुम्ही न्यायाधीश व्हायचं नाही, दोन्ही लिहायचं, पुढे नाव आणि तारीख. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, वर्ष, विषय, नंबर, मध्ये रिकामी जागा नको, आणि मराठी माहिती शीटमध्ये. ट्रंकेत कागद ज्या क्रमाने होते तो क्रमही लिहून ठेवा, आमच्याकडे कॉलशीटच्या घडीत चार फोटो होते, त्यावरून ते कुठल्या दिवशीचे ते कळलं. मी घाईत सगळे फोटो एका ढिगात केले असते तर गेलं होतं ते.

बुरशी, कसर आणि आपला पाऊस

पुण्यातला कुणी सांगेल की कपाटात ठेवा, पुरे. आपल्याकडे नाही पुरत. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, बुरशीला ६५-७० पुरते. म्हणून अस्सल सामान उघडायचं, हाताळायचं, स्कॅन करायचं ते दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. पावसात ट्रंक उघडूच नका.

पांढरा बुरा दिसला तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओला झाला की निघतो. आधी सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी वाळू द्या, कडक उन्हात नाही, मग मऊ ब्रशने, बाहेर अंगणात, मास्क लावून, घरापासून लांब झाडा. कागदाला कसर लागली असेल तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

नव्वदच्या आसपासचे ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, वर प्लॅस्टिकचा पडदा, त्यातून फोटो ओढून काढू नका. आधी पानासकट स्कॅन करा, मग दातांचा फ्लॉस फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा. सुटला तर सुटला, नाही तर राहू द्या.

आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे सातबारापासून सत्कारापर्यंत सगळं लॅमिनेट करायची खोड आहे. ते परत निघत नाही, गरम दाबामुळे जुना फोटो खराब होतो आणि आत ओल राहिली तर बुरशी आतच वाढते. डांबराच्या गोळ्याही त्या डब्यात नकोत.

ठेवायचं कशात? आमची पत्र्याची ट्रंक तळाला गंजली होती, आता हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि छोटा आर्द्रता मोजायचा मीटर. नारिंगी दाण्यांचं सिलिका जेल घ्या, ओल शोषली की रंग बदलतो, मग तापवून परत वापरता येतं, फक्त रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. डबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी असताना बंद करा, कारण ओलसर कागद हवाबंद केला तर तुम्ही बुरशीचं घरटं बांधून दिलंत. माळ्यावर नको, कौलं गळतात, जमिनीवर नको, आणि चुलीच्या खोलीत तर नकोच.

स्कॅनिंग

हे खरं तर सगळ्यात सोपं काम. फ्लॅटबेड स्कॅनर, प्रिंटला ६०० डीपीआय, फारच छोटा फोटो असेल तर १२००, निगेटिव्हला २४०० किंवा वर आणि त्यासाठी वरून लाईट असलेला स्कॅनर लागतो. टिफ फाईलमध्ये सेव्ह करा, त्यात चित्र दाबून खराब होत नाही. चार बाय सहाचा फोटो ६०० ला साधारण २६ एमबी होतो, म्हणजे आमचे २१२ मिळून साडेपाच जीबी, आजकाल काहीच नाही ते. मागची बाजूपण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो आणि तो परवानगीच्या वेळी कामाला येतो. 'ऑटो करेक्ट' बंद. निगेटिव्ह असेल तर प्रिंट असूनही निगेटिव्ह स्कॅन करा, प्रिंटमध्ये कडा कापलेल्या असतात आणि मजा नेमकी कडेलाच असते, बघे, वायरी, छत्री धरलेला स्पॉटबॉय.

स्कॅनर नसेल तर पडवीत सकाळच्या सावलीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाईल फोटोला समांतर ठेवून काढा. न करण्यापेक्षा बरं.

व्हीएचएस, इथे घाई करू नका

आमची टेप गावच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने हौसेने काढलेली, ४० मिनिटं, शूटिंगचं शूटिंग. मी ती शहरातल्या एका दुकानात 'कन्व्हर्ट' करायला दिली. परत आली ती चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं, सगळे गोलमटोल, खाली दुकानाचा फोन नंबर, आणि मूळ आवाज काढून मागे सनई. दिग्दर्शक ओरडतोय आणि आपल्याला सनई ऐकू येते. नशीब टेप त्याने परत दिली.

मग स्वतः केलं. टेपच्या खिडकीतून बॅटरी मारून बघा, फितीच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी, ती टेप व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि पुढच्या टेपलाही लागते, जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर मागचा छोटा टॅब तोडा म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही, टेप एकदा शेवटपर्यंत पळवून परत आणा, मगच चालवा. आणि आधी आपली नसलेली, वाया गेली तरी चालेल अशी टेप त्या व्हीसीआरमध्ये घालून बघा. व्हीसीआर शोधावा लागेल, जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने २०१६ मध्येच बनवणं थांबवलं, म्हणून नातेवाइकांच्या माळ्यावर बघा किंवा जुन्या टीव्ही रिपेअरवाल्याला गाठा, त्याच्याकडे हमखास एखादा असतो.

व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या यंत्राला, तिथून लॅपटॉपला. सेटिंगमध्ये पाल निवडा, एनटीएससी नाही, ही टीव्ही चित्राची दोन वेगळी मानकं आहेत, आपल्याकडचं सगळं पाल, सेकंदाला २५ फ्रेम, ७२० बाय ५७६. चौकोनी चित्र चौकोनीच राहू द्या, चार बाय तीन. जपायची कॉपी मोठी ठेवा, जमलं तर एफएफव्ही-वन या लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काही न गाळणाऱ्या, कोडेकमध्ये, नाही तर डीव्ही या डिजिटल व्हिडिओ प्रकारात, डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात. आडव्या रेघा दिसतात म्हणून मूळ कॉपीतच डीइंटरलेस (त्या रेघा मिटवायची प्रक्रिया) करू नका, ते लोकांना दाखवायच्या कॉपीत करा. ऑडिओ कॅसेटचं असंच, वेव फाईल, आणि खरखर काढण्याचा मोह मूळ फाईलवर नाही. आमच्या कॅसेटमध्ये संवाद वाचनाच्या मागे गाज ऐकू येते आणि मध्येच काकी कुणाला तरी चहाला हाक मारते, सॉफ्टवेअरच्या लेखी हा सगळा कचराच.

कॉप्या किती

तीन. दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक गावाबाहेर. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी बघितला त्यांना 'गावाबाहेर' का हे सांगायला नको. माझी एक हार्ड डिस्क घरी, एक डोंबिवलीला चुलतभावाकडे, एक क्लाऊडवर. दरवर्षी दिवाळीत चुलतभाऊ डिस्क घेऊन येतो, दोन्ही जोडून बघतो उघडतात का. चेकसम, म्हणजे फाईलवरून सॉफ्टवेअरने काढलेला ओळखीचा आकडा, करून ठेवलात तर फाईल आपोआप बिघडलीय का तेही कळतं, फुकट सॉफ्टवेअर मिळतात, एकदा शिकलं की पाच मिनिटांचं काम. आणि पेनड्राईव्ह म्हणजे कॉपी नव्हे, पेनड्राईव्ह फक्त न्यायला-आणायला.

आता प्रसिद्ध करायचं, म्हणजे परवानग्या

फोटो तुमच्या ट्रंकेत आहे म्हणजे तो छापायचा हक्क तुमचा आहे असं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क मुळात काढणाऱ्याचा, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर ज्याने काढून घेतले त्याचा, म्हणजे सेटवर फोटो काढणाऱ्या स्टिल फोटोग्राफरचे फोटो बहुतेक वेळा निर्मात्याकडे जातात. मालिकेचं चित्रीकरण निर्मात्याचं, प्रसारणापासून ६० वर्षं. संवाद लेखकाचे. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. काकीची वही काकीची, तिने सही करून दिली, वर विचारलं की यात कोणाला काय इंटरेस्ट.

परवानगी लेखी घ्या, साधं पत्र चालतं, पण त्यात चार गोष्टी हव्यात: नेमके कुठले फोटो किंवा कागद, कुठे वापरणार, किती काळ, आणि पैसे घेणार की नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि इंटरनेट काय फक्त भारतात दिसतं का? म्हणून 'जगभर, कायमस्वरूपी, इंटरनेटसह' असं स्पष्ट लिहा. फोटोग्राफर गेला असेल तर वारसांना विचारा. आमच्या स्टिलवाल्याच्या मुलाला शोधायला दीड वर्ष गेलं, फोटोमागच्या शिक्क्यावरून, आणि त्याने पाच मिनिटांत हो म्हटलं, वर अजून ३० निगेटिव्ह दिल्या. निर्मात्याचं उत्तर अजून यायचंय, म्हणून मालिकेचं नाव आणि सेटवरचे कलाकारांचे फोटो थांबलेत, आमची वही आणि गावकऱ्यांचे फोटो पुढे गेलेत. अर्धंच आलं तरी चालतं हो, चोरून आणलेलं सगळं एका तक्रारीत उडतं.

कायद्यापलीकडेही बघा. कॉलशीटवर पत्ते, फोन असतात, व्हाऊचरवर कुणाला किती पैसे दिले ते असतं, ते झाका, पण झाकायचं ते वापरायच्या कॉपीत, अस्सलावर पांढरी शाई लावू नका. मेकअप रूममधले, कपडे बदलतानाचे, कुणी दारू पिऊन पडलेले, असे फोटो ठेवा पण टाकू नका. लहान मुलं असतील तर ती आता मोठी झालीत, त्यांनाच विचारा.

टाकताना लांब बाजू दोन हजार पिक्सेलची जेपेग पुरे, मोठी फाईल मागेल त्याला द्या. चेहऱ्यावर वॉटरमार्क नको, खाली कोपऱ्यात 'संग्रह अमुक, फोटो तमुक' पुरे. आणि ते एआयने फोटो 'क्लियर' करायचं खूळ आवरा, ते चेहरा साफ करत नाही, नवा चेहरा काढतं, मी आबांचा एक अंधुक फोटो घालून बघितला तर कुणीतरी गुळगुळीत गालांचा परका माणूस आला बाहेर. ब्लॅक अँड व्हाईटला रंग भरलेच तर तसं लिहा आणि मूळ शेजारी ठेवा.

कुठे टाकायचं, तर एकाच ठिकाणी अवलंबून राहू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो छोटा होतो आणि दुसऱ्या दिवशी नावाशिवाय फिरायला लागतो. परवानगी पक्की असेल ते इंटरनेट आर्काईव्हवर फुकट चढवता येतं, तिथे माहितीचे रकाने भरता येतात. एक कॉपी तालुक्याच्या वाचनालयाला द्या, छापील अल्बम करून, म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनपेक्षा तोच बरा पडतो. एकदम २०० फोटो ओतू नका, आठवड्याला पाच, प्रत्येकाखाली खरी माहिती आणि 'चूक असेल तर सांगा' अशी ओळ. त्या ओळीमुळे जितकी माहिती आली तितकी मी चार वर्षं फिरून मिळवली नसती.

५७ नंबर टाकला त्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. टोपलीवाला पोरगा आता पन्नाशीला टेकलाय, मालवणला होडीवर असतो. म्हणाला, "कोंबो खयचो, कोंबी ती! अंडा घातल्यान नि बोंबलाक लागली." आणि रोजचे पाच नाही, दोनच रुपये मिळायचे, तेही शेवटच्या आठवड्याचे राहिलेत. आत्याला सांगितलं तर ती अजून कोंबड्यावरच ठाम आहे. शीटमध्ये दोघांचं लिहिलंय, पुढे नाव आणि तारीख टाकून.